लहान कॉलेजचं होस्टेल: नागपुरात खोली घेण्याआधी आणि घेतल्यावर

होस्टेल बघायला बहुतेक जण प्रवेशाच्या दिवशीच जातात, सकाळी अकराच्या सुमारास. तेव्हा फरशी पुसलेली असते, टाकी भरलेली असते आणि रिकामी खोली आहे त्यापेक्षा मोठी वाटते. नागपुरात होस्टेल बघायचं तर दुपारी तीनला आणि मग रात्री आठला. तीनला वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावा. पावसाळ्यात गेलात आणि भिंत थंडच लागली, तर तिथल्या जुन्या मुलांना एवढंच विचारा, ‘एप्रिलमध्ये झोपता कुठे?’ ‘गच्चीवर’ असं उत्तर आलं की काय ते समजा. रात्री आठला मेस चालू असते, नळाला पाणी आहे का ते दिसतं, डास किती ते कळतं, आणि गेटपासून बसस्टॉपपर्यंत रस्त्यावर दिवे लागतात का, हेही.

लहान कॉलेजच्या होस्टेलचं गणित मोठ्यापेक्षा वेगळं असतं. शंभरेक मुलं असली की वॉर्डन नावानं ओळखतात, आजारी पडलात तर दुपारपर्यंत कळतं, सिनियरकडून नोट्स मिळतात. पण रूममेटशी पटलं नाही तर खोली बदलून मिळेलच असं नाही, कारण रिकाम्या खाटा दोन-तीनच असतात. मेसवाल्याला ठरावीक ताटं लागतात. शनिवार-रविवारी निम्मी मुलं गावी गेली की तो स्वयंपाक आवरता घेतो. आणि नियम कागदावर कमी, माणसांवर जास्त चालतात. म्हणून तोंडी कबूल झालेलं सगळं पावतीवर किंवा अर्जावर लिहून घ्या: अनामत किती, परत कधी, वर्ष अर्ध्यावर सोडलं तर काय, मेसचे पैसे महिन्याचे की सत्राचे, सुट्टीत गेलात तर ते वजा होतात का आणि त्यासाठी किती दिवस आधी सांगावं लागतं.

खोली, पाणी, वीज

वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत, दोन्ही एकत्र असलेली खोली टाळा. मे महिन्यात इथे पारा 45 अंशांवर जातो आणि उन्हाळी परीक्षा नेमक्या त्याच आसपास येतात. कूलर कॉलेज देतं की आपला आणायचा, वेगळं शुल्क किती, खिडकीबाहेर त्याचा स्टँड बसतो का, हे आधीच विचारा. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून आत ओढतो. त्यामुळे समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं नसेल तर हवा बाहेर जात नाही, खोली दमट होते आणि घाम वाळत नाही. दार लावून कूलर चालवणारे ‘कूलर गार करत नाही’ म्हणतात ते यामुळेच. पावसाळ्यात हवेतच ओल असते, तेव्हा नुसता पंखा बरा.

पाण्याची चौकशी करताना ते कुठून येतं ते विचारा. शहराला पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून पाणी मिळतं, पण लहान कॉलेजं बऱ्याचदा हिंगणा रोड, काटोल रोड, कामठी रोड अशा शहराच्या कडेला असतात आणि तिथे बोअर किंवा टँकरवर भागवावं लागतं. नळाच्या तोंडाशी पांढरा थर दिसला की पाणी जड. त्यात साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात आणि कूलरचं गवत लवकर कडक होतं. पिण्याच्या फिल्टरवर शेवटच्या सर्व्हिसची तारीख बघा. तारीखच नसेल तर ती शंकेची जागा.

विजेत सगळ्यात जास्त घोळ हिवाळ्यात होतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी अंघोळीला गरम पाणी लागतंच आणि मुलं चोरून पाणी तापवायचा रॉड लावतात. 1500 वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर वीज ओढतो, आणि खोलीतला लहान सॉकेट असतो 6 अँपिअरचा. प्लग तापतो, पिन काळी पडते, शेजारच्या खोलीतही रॉड लागला की एमसीबी (भार वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच) पडते आणि अख्खा मजला अंधारात. इलेक्ट्रिक केटलचंही बहुधा असंच; वॅट तळाशी छापलेले असतात, ते वाचा. गरम पाणी सोलरचं आहे का आणि कितीपर्यंत पुरतं, ते विचारून ठेवा. उत्तर बहुतेक ‘सातच्या आत या’ असंच असतं.

खाट बघताना गादी उचला. शिवणीत, लोखंडी सांध्यांत आणि भिंतीच्या फटीत मोहरीहून बारीक काळे ठिपके असतील तर ते ढेकणांचे. गादी एक दिवस उन्हात टाकून ते जात नाहीत. सरकून सावलीच्या बाजूला जातात. त्या खोलीत फवारणी करून घ्या, मगच सामान उघडा. खाटेचं माप घेतल्याशिवाय गादीही विकत घेऊ नका. अडीच फुटी खाटेवर तीन फुटी गादी वर्षभर एका बाजूनं लोंबते.

मेस

फळ्यावरचा आठवड्याचा तक्ता वाचून काही कळत नाही. पैसे देऊन एकदा रात्रीचं जेवा, तेही उशिरा, नऊच्या सुमारास. शेवटी येणाऱ्याला भाजी उरते का, पोळ्या कडेनं कच्च्या आहेत का, वरणात डाळ बुडाशी सापडते का, ते बघा. बऱ्याच मेस रविवारी रात्री बंद असतात. त्या वेळचा खर्च महिन्याच्या हिशेबात धरा. सावजीचा रस्सा आणि तर्री पोहे कुठे पळून जात नाहीत. पहिला आठवडा पोटाला पाण्याचा बदल पचू द्या, मग काय ते झणझणीत.

पैसे आणि कागद

शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजना आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना स्वयंम योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आधार जोडलेलं बँक खाते आणि उत्पन्नाचा दाखला आधीच तयार ठेवा. पैसे खात्यात यायला वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या सत्राची सोय घरून करावी लागते. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र विद्यार्थी आणि पालक दोघांना भरावं लागतं. 1800-180-5522 ही रॅगिंगविरोधी हेल्पलाइन फोनमध्ये सेव्ह करा. लहान होस्टेलात सगळे ओळखीचे असल्यानं ‘आपसातच मिटवा’ असं सांगितलं जातं. मिटवू नका, लेखी द्या.

चावी हातात आली की सामान लावण्याआधी खोलीचे फोटो काढा: पंखा, कपाटाची कडी, खिडकीची काच, भिंतीवरची ओल. ते त्याच दिवशी वॉर्डनना पाठवा. कुलूप स्वतःचं आणा आणि दुसरी चावी खोलीबाहेर विश्वासाच्या माणसाकडे ठेवा.

पहिले आठ दिवस

रूममेटशी बोलणं पहिल्या आठवड्यातच करून टाका, भांडण होण्याआधी. दिवा किती वाजता बंद, कॉल खोलीत की बाहेर, अलार्म किती वेळा वाजेपर्यंत चालेल, पाहुणा राहणार असेल तर कधी सांगायचं, झाडू कुणाचा कोणत्या दिवशी. खरी कसोटी कूलरची. साठ लिटरची टाकी म्हणजे पंधरा लिटरच्या बादलीनं चार फेऱ्या, त्याही ऐन उन्हाळ्यात रोज. पाळी भिंतीवर लिहून लावा, नाहीतर ‘मी काल भरलं होतं’ यावरून मार्चमध्येच अबोला सुरू होतो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून आतून घासा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. कुणाला ताप आला की वॉर्डनना त्याच दिवशी सांगा आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका.

इकडच्या बोलीत ‘काय करून राहिला बे’ ही चौकशी असते, भांडण नव्हे. पश्चिम महाराष्ट्रातून येणारी मुलं पहिले काही दिवस उगाच दचकतात.

घरची आठवण वर्धा, भंडारा, चंद्रपूरच्या मुलांना जास्त छळते, कारण घर जवळ आहे. दर शनिवारी गाडी पकडली की सोमवारी पुन्हा पहिल्या दिवसासारखं परकं वाटतं. सुरुवातीचे दोन-तीन शनिवार इथेच काढा: मेट्रोनं सीताबर्डीला जा, फुटाळा तलावावर बसा, कपडे धुवा. रोजचा फोन एका ठरलेल्या वेळी करा, म्हणजे घरचेही दिवसभर वाट बघत बसत नाहीत.

दिवाळीत मेस बंद असते आणि होस्टेलही रिकामं करायला सांगतात, तेव्हा सुट्टीच्या तारखा ऑगस्टमध्येच ऑफिसात विचारा. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. लांबच्या मुलांनी त्याच दिवशी तिकीट काढावं. गडचिरोलीकडच्यांना बहुतेक एसटीच, गणेशपेठेच्या बसस्थानकावरून. वर्ष संपताना खोली वॉर्डनना उभं करून दाखवा, पहिल्या दिवसाचे फोटो बाहेर काढा, नो ड्यूजवर (काही देणं बाकी नसल्याच्या दाखल्यावर) मेस, लायब्ररी आणि ऑफिस अशा तिन्ही सह्या घ्या आणि अनामतीचा अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक टाकून घ्या.