जेरुसलेममध्ये 'पुरावा सापडला' असा फॉरवर्ड आला तर तो कसा तपासायचा

ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी येतंच, "जेरुसलेममध्ये ज्यूंच्या प्राचीन मंदिराचा पुरावा मिळाला", आणि खाली लगेच कोणीतरी, "तिथे मंदिर कधी नव्हतंच". पुढे ढकलायच्या आधी पाच मिनिटं काढा, मी काय बघतो ते सांगतो.

पहिलं म्हणजे वस्तू मिळाली कुठे? जिथे ते मंदिर होतं असं मानतात आणि आज अल-अक्सा मशीद आहे त्या टेकडीच्या वरच्या चौथऱ्यावर, पायथ्याशी, की दुकानात? कारण चौथऱ्यावर रीतसर उत्खनन कधी झालेलंच नाही, 1867 साली चार्ल्स वॉरन हा ब्रिटिश लष्करी इंजिनियर आला तोसुद्धा बाहेरून खड्डे आणि बोगदे खणत भिंतीला भिडला. त्यामुळे "मशिदीखाली खोदताना सापडलं" असं वाचलं की माझ्या भुवया वर जातात.

मग वस्तू मातीच्या कुठल्या थरात मिळाली ते विचारा, यातच खरी मेख आहे. 1999 ला वक्फने (ती जागा सांभाळणारी मुस्लिम संस्था) चौथऱ्याच्या जमिनीखालच्या मारवानी मशिदीला वाट करायला यंत्रं लावून माती उपसली, बरीचशी शेजारच्या किद्रोन दरीत नेऊन टाकली, आणि 2004 पासून इस्रायली संशोधक ती चाळतायत. नाणी मिळतात, खापरं मिळतात, खरीही असतात, पण कुठल्या थरातली, कुठल्या भिंतीपाशी पडलेली हे आता कोण सांगणार? उकिरड्यात सापडलेल्या पावतीवरून घर कोणाचं ते ठरवण्यासारखं आहे हे.

दुकानातली वस्तू असेल तर डबल सावध. इस्रायल म्युझियमने 1988 ला साडेपाच लाख डॉलर मोजून एक छोटं हस्तिदंती डाळिंब घेतलं, बायबलमधल्या सॉलोमन राजाच्या मंदिरातलं म्हणून, आणि 2004 ला तज्ज्ञांनी सांगितलं की डाळिंब जुनं आहे पण वरची अक्षरं अलीकडे कोरलेली. (काही अभ्यासक अजून ती अक्षरं खरी मानतात, असो.)

"कोणतं मंदिर" हे पण विचारा, लोक इथे सर्रास गल्लत करतात. हेरोद राजाने वाढवलेलं दुसरं मंदिर, जे रोमनांनी इ.स. 70 मध्ये पाडलं, त्याबद्दल शंका घ्यायला फारशी जागा नाही. 1871 ला एक ग्रीक शिलालेख मिळाला, परक्याने (म्हणजे ज्यू नसलेल्याने) मंदिराभोवतीच्या कठड्याच्या आत पाऊल टाकलं तर मरणाला तोच जबाबदार, असा. दगड मूळ जागी नव्हता, पण पहिल्या शतकातल्या जोसिफस या ज्यू इतिहासकाराने अशाच पाट्यांचं वर्णन लिहून ठेवलंय, म्हणून तो टिकतो. तेव्हा राज्य ऑटोमन तुर्कांचं, त्यामुळे तो आज इस्तंबूलच्या म्युझियममध्ये आहे. सॉलोमनचं पहिलं मंदिर त्याच्याही कित्येक शतकं आधीचं, आणि त्याचा थेट अवशेष त्या टेकडीवरून अजून आलेला नाही. म्हणजे एकाचा पुरावा दुसऱ्याला चिकटवलाय का ते बघायचं.

शेवटी नाव बघा. याच टेकडीला ज्यू टेंपल माउंट म्हणतात आणि मुस्लिम हरम अल-शरीफ. बातमीत नुसतं टेंपल माउंट आहे की नुसतं हरम अल-शरीफ? एकच असेल तर दुसरं नाव टाकून परत सर्च करा, आणि दोन्हीकडच्या बातम्यांत वस्तूची जागा सारखी दिलीय का तेवढं जुळवा.