देणगीच्या पोस्टरवर दप्तर किती मोठं काढायचं?

संस्थांसाठी देणगीची पोस्टरं, फ्लेक्स, अहवालातली चित्रं करायला जे नव्याने लागलेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. सॉफ्टवेअर येतं असं धरून चालते. पैसे कमी आणि तेही उशिरा मिळतात, हे एव्हाना कुणीतरी सांगितलं असेलच.

माझं बरंचसं काम ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या हंगामी वसतिगृहांचं. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुलं गावातच राहून शिकायची तर त्यांच्या जेवणाची, दप्तराची सोय त्याआधी व्हायला हवी. त्यामुळे पोस्टर नेहमी ‘उद्या सकाळी’ हवं असतं, आणि त्यात ट्रस्टींना संस्थापकांचा फोटो, दहा वर्षांचे आकडे आणि मोठा लोगो असं सगळंच हवं असतं. लोगोवर वाद घालू नका, वेळ जातो. आकड्यांवर मात्र घाला.

आता ज्या खड्ड्यात मी पडले तो नीट दाखवते. समजा, गेल्या वर्षी ५०० मुलांना दप्तरं दिली, यंदा १००० मुलांना द्यायची आहेत. आपण एक दप्तर काढतो आणि शेजारी दुप्पट उंचीचं दुसरं. कोपरा धरून ओढलं की उंचीबरोबर रुंदीही दुप्पट होते, म्हणजे कागदावरची जागा चौपट. बघणाऱ्याच्या नजरेत ती जागा भरते, उंची नाही. खाली आकडा दुप्पट सांगतोय आणि वर चित्र चौपट. त्याला बाजू, सावली देऊन थ्रीडी केलंत तर घनफळाच्या हिशेबाने आठपट! जागा दुप्पटच ठेवायची तर बाजू साधारण १.४१ पट वाढवावी लागते, पण मग ‘फरक कुठे दिसतोय?’ म्हणून ट्रस्टी नाराज, आणि त्यांचंही चूक नसतं. वर्तुळं, घरं, नाण्यांच्या थैल्या, सगळ्यांचं हेच.

माझ्या चित्रावर एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी बोट ठेवलं. ‘ताई, हे दुप्पट की चौपट?’ एवढंच विचारलं. मग पान उलटून खर्चाचा तक्ता चष्मा लावून वाचायला लागले. तो तक्ता अगदी बरोबर होता, पण आता त्याच्याकडेही संशयाने बघणं सुरू झालं होतं.

यावरचा उपाय जुना आहे. व्हिएन्नात १९२०च्या दशकात ओटो नॉयराथ यांनी सामान्य लोकांना आकडेवारी समजावी म्हणून चित्रांची एक पद्धत बसवली. संख्या वाढली तर चित्र मोठं करायचं नाही, त्याच मापाची चित्रं वाढवायची. एक दप्तर म्हणजे १०० मुलं. वरच्या ओळीत पाच, खालच्या ओळीत दहा. देणगी मागताना याचा आणखी फायदा होतो: सहाशे मुलांची सोय झाली असेल तर सहा दप्तरं रंगवा, चार नुसत्या रेषेची ठेवा. किती बाकी आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

घाबरू नका, हे एका दुपारी हाताला बसतं. तयार टेम्पलेटच्या नादी मात्र लागू नका. दहावा फ्लेक्स ज्या रंगात दिसतो त्याच रंगात अकरावा कोण वाचणार?

चेहरा वापरायचा की आकडे? अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मालीतल्या सात वर्षांच्या एकाच मुलीबद्दल वाचलेल्यांनी जास्त पैसे दिले. तिच्यासोबत लाखो भुकेल्यांची आकडेवारी जोडली तेव्हा कमी. म्हणून मी पोस्टरवर एकाच मुलाची गोष्ट ठेवते आणि आकड्यांचे तक्ते अहवालात. पण रडका, नाक वाहणारा फोटो नको. त्या मुलाच्या आईला फोटो दाखवा आणि तिने नको म्हटलं तर विषय संपला. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड होऊ देऊ नका, बाल न्याय अधिनियम २०१५चं कलम ७४ त्यासाठीच आहे. आणि एआयने बनवलेलं गोंडस मूल तर अजिबात नको. देणगीदार वसतिगृहावर येतात आणि विचारतात, ‘ती पोस्टरवरची मुलगी कुठाय?’

क्यूआर कोडबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टर ज्या फोनवर उघडतं, स्कॅनही त्याच फोनने करायचं असतं. चित्र सेव्ह करा, अ‍ॅप उघडा, गॅलरीत शोधा, इतकं करताना माणूस कंटाळतो. यूपीआय आयडी चित्राखाली मजकुरात द्या, म्हणजे कॉपी करता येतो. फ्लेक्सवर कोडभोवती पांढरी जागा सोडा. दहा फुटांवरून स्कॅन व्हायचा तर तो फूटभर तरी हवा.

‘संपूर्ण करमाफी’ असं मनाने छापू नका. दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, नव्या करप्रणालीत तर ती कुणालाच नाही. ती ओळ सीएंकडून घ्या.

शिकायला गुरू हवाच असेल तर मोठ्या एजन्सीतला शोधू नका. संस्थेच्या हिशेबनीसांशेजारी खुर्ची टाकून बसा. एका मुलाच्या एका महिन्याच्या जेवणाला किती लागतात हे त्यांना तोंडपाठ असतं, आणि पोस्टरवर मोठ्या अक्षरात जाणारा आकडा तोच असतो. प्रेसला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे फॉन्टची अक्षरं चित्राच्या आकारांत बदला, नाहीतर जोडाक्षरं फुटतात, आणि प्रूफ हिशेबनीसांनाही वाचायला द्या. खाते क्रमांकातला चुकलेला आकडा त्यांनाच आधी दिसतो.