इंग्रजीतला ‘बाय’ : मराठी बोलणाऱ्यांनी या चुका टाळा

माझ्या शिकवणीला येणाऱ्या एका मुलीने मागच्या पावसाळ्यात गिऱ्हाइकाला मेसेज केला, ‘आय ॲम इन द ऑफिस बाय फाइव्ह.’ तिला म्हणायचं होतं, पाचपर्यंत मी ऑफिसात आहे, तेवढ्यात येऊन जा. गिऱ्हाइकाने अर्थ घेतला, ही पाचपर्यंत ऑफिसात पोचते. तो लांबून, पावसातून सव्वापाचला आला, तेव्हा शटर खाली होतं. मुलीचं इंग्रजी कच्चं नव्हतं. तिच्या मनात ‘पर्यंत’ होता आणि त्याच्यासाठी तिने सरळ ‘बाय’ घातला. ही चूक मी रोज बघतो, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

‘सोमवारपर्यंत फॉर्म भरा’ आणि ‘सोमवारपर्यंत दुकान बंद आहे’ यांतला ‘पर्यंत’ एकच दिसतो, पण तो दोन वेगळी कामं करतो. फॉर्म एकदा भरला की संपलं. सोमवार ही मुदत. दुकान मात्र सोमवार येईतो बंदच राहतं. पहिल्यासाठी इंग्रजीत बाय, दुसऱ्यासाठी टिल किंवा अन्टिल. ओळखायची खूण मराठीतच सापडते. ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून बघा. ‘सोमवारच्या आत फॉर्म भरा’ सहज म्हणता येतं. ‘सोमवारच्या आत दुकान बंद आहे’ म्हणताना जीभ अडते. ‘आत’ बसला तर बाय, अडला तर टिल.

ही खूण नकारार्थी वाक्यात मात्र फसते. ‘सोमवारच्या आत पाठवू नका’ हे मराठीत ठीक आहे, पण इंग्रजीत ते ‘डोन्ट सेंड इट टिल मंडे’ किंवा ‘बिफोर मंडे’ होतं. तिथे बाय नको. आणखी एक, ‘बाय मंडे’ म्हटलं की साधारणपणे सोमवारही त्यात धरतात. सोमवार उजाडण्याआधीच काम हवं असेल तर ‘बिफोर मंडे’ लिहा. पैशाचा किंवा कराराचा कागद असेल तर ‘ऑन ऑर बिफोर’ लिहून पुढे तारीखच घाला. मग कुणाला दुसरा अर्थ काढायला जागा राहत नाही.

दुसरा घोटाळा ‘ने’चा. ‘दादाने चाकूने केक कापला आणि तो बसने गेला.’ एका वाक्यात तीन ‘ने’. शाळेत पॅसिव्ह व्हॉइस शिकताना ‘बाय म्हणजे कडून’ एवढंच डोक्यात बसतं, आणि मग मुलं प्रत्येक ‘ने’ला बाय लावत सुटतात. इथे दादा कर्ता आहे, म्हणून पॅसिव्हमध्ये ‘कट बाय दादा’. चाकू हातातलं हत्यार आहे, म्हणून ‘विथ अ नाइफ’. ‘कट बाय अ नाइफ’ म्हटलं तर चाकूनेच आपणहून केक कापल्यासारखं वाटतं. बस हे जाण्याचं साधन, म्हणून ‘बाय बस’. मात्र वाहनाच्या आधी माझ्या, त्याच्या, ताईच्या असं काही आलं की बाय जातो: ‘माझ्या गाडीने आलो’ म्हणजे ‘इन माय कार’, ‘त्याच्या बाइकने’ म्हणजे ‘ऑन हिज बाइक’. पायी आलात तर ‘ऑन फूट’. ‘बाय वॉक’ असं इंग्रजीत नाही.

‘नी’ आणि ‘वर’ यांच्या बाबतीत मात्र मराठी आपल्याला अगदी अचूक वाट दाखवते. कांदा ४० रुपये किलो होता. १० रुपयांनी वाढला, तर ‘बाय टेन’. ५० रुपयांवर गेला, तर ‘टू फिफ्टी’. इथे घाईत ‘बाय फिफ्टी’ लिहिलंत तर वाचणाऱ्याच्या हिशेबात कांदा ९० रुपयांचा होतो. पगारवाढीच्या अर्जात, दरपत्रकात हे दोन शब्द पाठवण्याआधी पुन्हा तपासा.

‘दहा बाय दहाची खोली’ मुंबईत सगळ्यांनाच कळते. तिथला बाय माप सांगतो. पण आपण अपूर्णांकही ‘तीन बाय चार’ असा वाचतो, म्हणजे पाऊण. हे वाचन आपल्याकडचं. शिकायला परदेशी गेलात तर तिथे ‘थ्री ओव्हर फोर’ किंवा ‘थ्री क्वार्टर्स’ म्हणा, नाहीतर ऐकणारा लांबी-रुंदीच समजेल. तसंच ‘बायहार्ट करणं’. आपल्याकडे ते क्रियापद झालं आहे, इंग्रजीत ते ‘लर्न बाय हार्ट’ असं लागतं. ‘आय बायहार्टेड’ बाहेर कुणी म्हणत नाही.

स्पेलिंगचं थोडक्यात. बी-वाय हा आपला बाय, बी-यू-वाय म्हणजे विकत घेणं, बी-वाय-ई म्हणजे निरोप किंवा क्रिकेटमधली बायची धाव. तिन्ही शब्द खरेच असल्यामुळे फोन चूक दाखवेलच असं नाही. सोसायटीच्या उपविधींना आपण बायलॉज म्हणतो, ते बी-वाय आणि बी-वाय-ई अशा दोन्ही तऱ्हांनी लिहिलेलं चालतं. त्यातला ‘बाय’ मुळात वेगळा शब्द असावा असं अभ्यासक मानतात: स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेत त्याचा अर्थ गाव, वस्ती. डर्बी, व्हिटबी या इंग्लंडमधल्या गावांच्या नावांत तोच शेवटी आहे.

आपल्या बायचा सर्वांत जुना अर्थ मात्र ‘जवळ’. मुदत, माप, साधन शिकताना हा साधा अर्थ मुलं विसरतात. ‘शी स्टुड बाय द विंडो’चं भाषांतर एका हुशार मुलाने माझ्यासमोर ‘ती खिडकीने उभी राहिली’ असं केलं. मी त्याला खिडकीजवळ नेऊन उभं केलं आणि म्हटलं, आता तू कुठे आहेस ते इंग्रजीत सांग. तो लगेच म्हणाला, ‘बाय द विंडो.’ मग विचारलं, सोबत कुणी आहे का? ‘नो, आय ॲम बाय माय ओन.’ तेही दुरुस्त केलं: एकतर ‘बाय मायसेल्फ’, नाहीतर ‘ऑन माय ओन’. पुढच्या तासाला त्याने दोन्ही वाक्यं फळ्यावर बिनचूक लिहिली.