ओल्ड गोव्यात बॉम जेझुस शेवटी बघा

पाहुण्यांना ओल्ड गोव्याला न्यायचं काम आमच्या घरात माझ्याकडेच असतं, म्हणून जरा हक्काने सांगते: गाडीतून उतरून थेट बॉम जेझुस चर्चच्या गर्दीत शिरू नका. टूरच्या सगळ्या बस तेच करतात. तुम्ही रस्ता ओलांडा आणि समोरच्या से कॅथेड्रलपासून सुरुवात करा. शुक्रवार टाळा, तिथलं पुरातत्त्व खात्याचं म्युझियम बंद असतं. रविवारी सकाळी मिस्सा (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) असते, तेव्हा नुसतं बघायला आत जाणं बरं दिसत नाही.

कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे हवेत. चपला काढायच्या नसतात (आमची आत्या दर वेळी काढतेच), टोपी मात्र काढायची. हात जोडलेत तर कोणी काही म्हणत नाही. फक्त मिस्सेच्या वेळी लोक वेदीपुढे रांग लावतात, ती प्रसादाची समजून तुम्हीही उभे राहू नका. ते कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला पवित्र पाव, आणि ते कॅथलिकांनीच घ्यायचं असतं.

पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने गोवा जिंकला तो दिवस २५ नोव्हेंबर १५१०, म्हणजे संत कॅथरिनचा सण. म्हणून से कॅथेड्रल तिच्या नावाचं. बाहेरून ते एका बाजूला बोडकं दिसतं, कारण १७७६ मध्ये एक मनोरा कोसळला तो परत बांधलाच नाही. आत वेदीमागच्या सोनेरी चौकटींत कॅथरिनची गोष्ट कोरलीय. ती शोधत बसायला मुलांना फार आवडतं.

शेजारीच संत फ्रान्सिस असिसीचं चर्च. इथे वर बघण्याआधी खाली बघा: जमिनीत थडग्यांचे दगड बसवलेत, त्यांवर घराण्यांची चिन्हं. त्याच्या मठात पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. पोर्तुगीज व्हाइसरॉयांची चित्रं ओळीने लावलीत. चेहरे नाही बघितलेत तरी चालेल, कपडे बघा. शतकं कशी बदलत गेली ते तिथेच कळतं. पण मी रेंगाळते ती वीरगळांपाशी, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांपाशी. वीरगळ खालून वर वाचायचा: तळाच्या चौकटीत लढाई, त्यावर वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि टोकाला चंद्र-सूर्य. चर्चच्या मठात हे दगड बघितले की पोर्तुगीजांच्या आधीही इथे राज्यं होती, माणसं लढून पडली होती, हे सांगावं लागत नाही.

आता बॉम जेझुस. १५९४ ला काम सुरू झालं, १६०५ मध्ये पूर्ण. लालसर जांभा उघडा दिसतो तो मुळात तसा नव्हता, गेल्या शतकात गिलावा काढून टाकला. आत उजव्या हाताला चांदीच्या पेटीत संत फ्रान्सिस झेवियर यांचं शव आहे. हेच गोवेकरांचे ‘गोंयचो सायब’. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर ते वारले. ही पेटी इतकी उंचावर आहे की खालून मान दुखेपर्यंत बघूनही फारसं कळत नाही. छोटी दुर्बीण असेल तर आणा, पेटीवरची बारीक चित्रं तिनेच दिसतात. ही पेटी गोव्यातल्याच सोनारांनी घडवलेली. खालचा संगमरवरी चौथरा मात्र इटलीतून आला: टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने फोज्जिनी नावाच्या शिल्पकाराकडून करवून घेतलेला, १६९८ मध्ये इथे बसवला. त्यावरच्या ब्राँझच्या पट्ट्या डोळ्यांच्या जरा वर येतात, त्या सोडू नका. फ्लॅश अजिबात नको, आणि वेदीकडे पाठ करून सेल्फी तर नकोच.

३ डिसेंबर हा झेवियरचा सण. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना नावाची प्रार्थना चालते, म्हणजे २४ नोव्हेंबरपासून नुसती झुंबड. निवांत बघायचं असेल तर तेव्हा येऊ नका. फेस्त, म्हणजे हा सण, बघायचं असेल तर मात्र तेव्हाच या. शव खाली आणून दर्शनाला ठेवतात ते साधारण दहा वर्षांनी एकदा. २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत ते होऊन गेलं, त्यामुळे त्यासाठी आता बरीच वाट बघावी लागेल.