तरुणांच्या जुगारवर्तनाचा व्हीआर प्रयोग: आधी डावांची यादी, मग कॅसिनो

व्हीआर (आभासी वास्तव) प्रयोगात बराच वेळ झगमगती खोली सजवण्यात जातो. तो आधी डावांच्या यादीवर घालवा. निकाल यादृच्छिक ठेवले, तर एकाला पाचव्याच डावात घबाड लागतं आणि दुसरा सलग हरत राहतो. मग फरक स्वभावाचा की नशिबाचा, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून निकालांचा क्रम आधीच ठरवून ठेवा.

स्लॉट मशीनसाठी एक सोपी रचना: पहिल्या 40 डावांत 10 वेळा जिंकणं, 12 वेळा थोडक्यात हुकणं, बाकी साधी हार. थोडक्यात हुकणं म्हणजे दोन चिन्हं जुळतात आणि तिसरं रेषेच्या जरासं वर किंवा खाली थांबतं. तुलनागटाला त्या 12 जागी साधी हार द्या, इतर काहीही बदलू नका. 41व्या डावापासून कुणीच जिंकत नाही. इथून पुढे सहभागी किती डाव खेळतो, हे मुख्य मोजमाप. 100व्या डावाला खेळ आपोआप संपवा.

हे मोजमाप दोन कारणांनी फसतं. ‘थांबा’चं बटण मेनूत दडलं असेल, तर तुम्ही चिकाटी नव्हे, गोंधळ मोजता, ते कायम डोळ्यांसमोर हवं. शिवाय पैजेसाठी दिलेल्या गुणांतले उरलेले जपण्यात काही फायदा नसेल, तर कोण कशाला थांबेल? फुकट मिळालेले गुण माणूस सहज उडवतो. त्यामुळे खेळाआधी 10 मिनिटांचं कंटाळवाणं मोजणीचं काम देऊन ते कमवायला लावा आणि शिल्लक गुणांवर छोटं मानधन ठेवा.

उत्तेजना टिपण्यासाठी त्वचेची विद्युतवाहकता मोजायची असेल, तर घाई नडते. प्रतिसाद उमटायलाच 1 ते 3 सेकंद लागतात आणि ओसरायला आणखी काही. निकाल आणि पुढचा डाव यांत किमान 8 सेकंद ठेवा, नाहीतर दोन प्रतिसाद एकमेकांत मिसळतात. इलेक्ट्रोड कंट्रोलर नसलेल्या हाताच्या बोटांना लावा आणि तो हात मांडीवर स्थिर ठेवायला सांगा. प्रत्येक डावाची वेळ, पैज, निकाल, नजरेची दिशा आणि हरल्यानंतरचा थांबा एकाच घड्याळावर नोंदवा.

सहभागी बसूनच खेळू द्या, कॅमेरा आपोआप सरकवू नका आणि हेडसेट 20 मिनिटांत उतरवा. मळमळीची 16 लक्षणांची प्रश्नावली आधी आणि नंतर अशी दोनदा भरून घ्या. आधीची नोंद नसेल, तर जागरणाचा थकवाही व्हीआरच्या माथी येतो.

वयाबाबत तडजोड नको. 18 वर्षांखालच्यांना कॅसिनो आणि पैसे दोन्ही नकोत. त्यांच्यासाठी गुणांचा पत्त्यांचा खेळ, पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार. प्रौढांची चाळणी पीजीएसआय या जुगाराची समस्या मोजणाऱ्या प्रश्नावलीच्या 9 प्रश्नांनी करा. 8 किंवा अधिक गुण आले, तर प्रयोगात न घेता समुपदेशकाशी गाठ घालून द्या. ही चाळणी प्रयोगाच्या किमान दोन दिवस आधी आणि इतर प्रश्नावल्यांत मिसळून करा. खेळाच्या तोंडावर जुगाराबद्दल विचारलं की माणूस सावध होऊन खेळतो.

शेवटी हेडसेट काढल्यावर घाईने निरोप देऊ नका. निकाल आधीच ठरलेले होते, हे स्पष्ट सांगा, यादी दाखवा. ‘जरासं हुकलं’ म्हणजे पुढचा विजय जवळ आला असं नसतं, हे त्याच यादीवर बोट ठेवून समजावा. मग शिल्लक गुण कितीही असोत, सर्वांना सारखंच पूर्ण मानधन द्या. आठवड्याने फोन करून विचारा: त्यानंतर खेळावंसं वाटलं का?