शेंदरी गणपती हिरवा दिसला तर: दोष मॉनिटरचा की कार्डाचा?

अशोक स्तंभाजवळच्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांची पावतीपुस्तकं. मागच्या मार्गशीर्षात, ऐन लग्नसराईत, सकाळी मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, चालू केलं तर पत्रिकेवरचा शेंदरी गणपती काळपट हिरवा. पांढरा कागद आकाशी, हळदीचा पिवळा चक्क पोपटी. समोर बसलेल्या नवरीच्या मामांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "ताई, गणपती शेवाळला का हो?"

घाबरून मेकॅनिकला बोलावलं. त्याने दारातूनच "कार्ड गेलं" असा निकाल दिला. कार्ड म्हणजे मशीनच्या आतलं, चित्र तयार करणारं ग्राफिक कार्ड. साडेचार हजारांचं नवं कार्ड बसलं, गणपती हिरवाच. दोष निघाला मॉनिटरपर्यंत चित्र पोचवणाऱ्या व्हीजीए केबलच्या एका वाकलेल्या पिनेत! या केबलला 15 पिना असतात. लाल, हिरवा, निळा यांची पिन वेगवेगळी. लाल तुटला की पिवळ्यातला लाल जातो आणि हिरवा उरतो. निळा तुटला तर पांढरं पिवळं दिसतं, हिरवा तुटला तर सगळं जांभळट गुलाबी. असा एखादाच रंग बेपत्ता असेल तर कार्डाकडे बघूही नका, आधी केबल काढून पिना पाहा.

तेव्हापासून खिशात हात घालण्याआधी मी एकच शोधते: घाण चित्राबरोबर आत येतेय, की काचेवरच बसलीय?

सगळ्यात सोपी परीक्षा फुकट आहे. मॉनिटरच्या कडेचं बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडा, तोच ब्राइटनेसवाला. हा मेनू मॉनिटर स्वतः काढतो, कार्डाचा त्यात हात नसतो. मागचं चित्र फाटलंय, पट्टे आहेत, पण मेनू स्वच्छ असेल तर मॉनिटर बहुतेक निर्दोष. संशय केबल आणि कार्डावर. मेनूच्या अक्षरांवरूनही तीच रेघ जात असेल तर दोष मॉनिटरचा. खात्रीसाठी केबल मागून उपसा. "नो सिग्नल"ची पाटी येईल. रेघ तरीही जागेवर? मग कार्ड निर्दोष सुटलं.

दुसरी परीक्षा स्क्रीनशॉटची. बिघाड दिसत असताना प्रिंट स्क्रीन दाबा, चित्र सेव्ह करा आणि मोबाईलवर पाठवून तिथे बघा. मोबाईलने पडद्याचा फोटो काढायचा नाही, त्यात बिघाड येणारच. मोबाईलवरही चौकडे, ठिपके, फाटलेली अक्षरं दिसली तर चित्र मशीनच्या आतच नासलंय: कार्ड, त्याची मेमरी किंवा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. मोबाईलवर साफ असेल तर चित्र पुढे वाटेत कुठेतरी बिघडतंय. पण एवढ्याने कार्ड सुटत नाही बरं का. त्याचं बाहेर पडायचं तोंड, म्हणजे पोर्ट, खराब असू शकतं. एचडीएमआयचं तोंड सोडून डिस्प्लेपोर्टच्या तोंडाला लावून पाहा.

यापुढे अदलाबदल. शेजारच्या मोबाईलवाल्याच्या टीव्हीला मी माझं मशीन जोडते, आणि त्याचा लॅपटॉप माझ्या मॉनिटरला. केबलही बदलते, नाहीतर दोन्ही वेळा तीच खराब केबल फिरते आणि आपण गोल गोल. मदरबोर्डवर, म्हणजे मशीनच्या मुख्य बोर्डावर, पोर्ट असेल तर कार्ड काढून थेट तिथे जोडा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस एफ असेल तर मात्र ही सोय नाही, त्यात आतलं ग्राफिक नसतं.

ड्रायव्हरचा दोष ओळखायला विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. पडदा क्षणभर काळा होतो, ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच ड्रायव्हरवर चालू केल्यावर, चित्र सुधारलं तर ड्रायव्हर काढून पुन्हा टाका. मशीन चालू होतानाच, विंडोजच्या आधी येणाऱ्या बायोसच्या पडद्यावरच चट्टे असतील तर "फॉरमॅट मारून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. विंडोज अजून उठलंच नाही तर त्याचा काय गुन्हा? उलट बायोस स्वच्छ दिसला म्हणून कार्ड चांगलं असंही नाही. तिथे त्याला काम कुठे असतं!

काम पडलं की बिघडणारं कार्ड मीही पाहिलंय. एप्रिलमधल्या दुपारी मोठी फ्लेक्सची फाईल उघडली की दहा मिनिटांत ठिपके, मशीन थंड झालं की गायब. माझ्याकडे कटिंग मशीन शेजारीच, कागदाचा भुसा पंख्यात लोकरीसारखा बसला होता. मशीन बंद, वायर भिंतीतून बाहेर, हात कॅबिनेटच्या पत्र्याला लावून मगच आत. पंखा बोटाने धरून ठेवा आणि मऊ ब्रशने झाडा, ब्लोअरने गरगरा फिरवू नका. कार्ड काढून सोनेरी पट्टी खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा घट्ट बसवा. जादा पॉवरची वायर लागणारं कार्ड असेल तर ती पूर्ण आत गेलीय ना, तेही पाहा. एवढं करूनही ठिपके आले तर बहुधा कार्डाची मेमरी चिप गेलीय असं समजा.

मॉनिटरचा दोष निघाला तर दोन गोष्टी वेगळ्या करा. चालू करताना लुकलुकतो आणि तापल्यावर स्थिरावतो, तो बहुधा पॉवर बोर्डातले फुगलेले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग. हे स्वस्तात होतं, पण स्वतः उघडू नका, बंद मॉनिटरमध्येही करंट साठलेला असतो. पडदा काळा वाटला तर टॉर्च तिरपा मारून पाहा. पुसट चित्र दिसलं तर फक्त मागचा उजेड गेलाय.

आणि कायमची उभी रेघ असेल तर बहुतेक वेळा पॅनेल, म्हणजे खुद्द पडदाच, गेलेलं असतं. त्याच्या किमतीत थोडी भर घालून नवा मॉनिटर येतो. माझ्या जुन्या मॉनिटरवर डावीकडे अशी एक हिरवी रेघ आहे. त्यावर मी आता फक्त बिलं करते.