मसल कारचा मागचा ॲक्सल बदलताय? या चुका टाळा

डेट्रॉईटच्या उपनगरात राहायला आल्यापासून माझे हिवाळ्यातले शनिवार-रविवार कुणा ना कुणाच्या जुन्या गाडीखाली जातात. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक, असते. त्याच्या महिनाभर आधी फोन सुरू होतात. नवं इंजिन बसलं, कार्बोरेटर बसला, आवाज झकास येतोय, आणि आता मागून घरघर ऐकू येते किंवा तेल गळतंय. आपली मराठी पोरंही आता साठ-सत्तरच्या दशकातल्या मस्टँग आणि कॅमारो हौसेनं घेतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण इंजिनावर आठ महिने घालवायचे आणि मागचा ॲक्सल दोन दिवसांत उरकायचा, ही सवय मोडायला हवी.

पहिली चूक दुकानातच होते. "दादा, चारशे हॉर्सपॉवर झालीय, म्हणजे नऊ इंची लागणारच ना?" असा प्रश्न येतो. नऊ इंची म्हणजे फोर्डचा दणकट मागचा ॲक्सल, नाव त्याच्या क्राऊनच्या, म्हणजे मोठ्या दातेरी चक्राच्या, व्यासावरून. मी उलट विचारतो, टायर कोणते? ॲक्सलवर किती जोर येणार ते टायरची पकड ठरवते. हिशेब करून बघा. इंजिनाचा टॉर्क ४०० पाउंड-फूट, टॉपलोडर गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.७८, मागच्या ॲक्सलचा रेशो ३.५० (प्रोपेलर शाफ्टचे साडेतीन फेरे, तेव्हा चाकाचा एक). गुणाकार ३,८०० च्या पुढे जातो. साधा रेडियल टायर एवढा जोर जमिनीपर्यंत पोचू देत नाही, तो आधीच फिरतो आणि धूर काढतो. त्याच गाडीला ड्रॅग स्ट्रिपवरचे, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीचे, चिकट स्लिक टायर लावा, टायर जागचा हलणार नाही आणि मग चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचे स्प्लाइन, म्हणजे टोकाचे उभे दाते, पिळवटतात. रस्त्यावर शांतपणे चालणाऱ्या गाडीत फोर्डच्या धडधाकट आठ इंची ॲक्सलनं मजबूत इंजिन वर्षानुवर्षं सांभाळलेलं मी पाहिलंय. स्लिक लावून क्लच सोडणार असाल, तर मात्र नऊ इंचीला पर्याय शोधत बसू नका.

नऊ इंची एवढा नावाजला त्याला कारणं आहेत. १९५७ पासून १९८६ पर्यंत फोर्डनं तो वापरला. पिनियन म्हणजे क्राऊनला फिरवणारा लहान गिअर. त्याच्या टोकाला आणखी एक बेअरिंग असल्यामुळे जोर आला तरी पिनियन क्राऊनपासून दूर ढकलला जात नाही. शिवाय सगळा डिफरन्शियल, म्हणजे हे गिअर असलेला मधला भाग, पुढून नट काढून बाहेर घेता येतो, टेबलावर ठेवून सेट करता येतो. तोटा एकच, पिनियन मध्यापासून बराच खाली बसतो. त्यामुळे दात एकमेकांवर जास्त घासतात आणि थोडी ताकद तिथेच खर्च होते.

भंगारातून ॲक्सल घेणाऱ्यांसाठी जुनी खूण सांगतो. डिफरन्शियलच्या सगळ्या नटांवर सॉकेट सरळ बसला तर तो आठ इंची. तळाचे नट आडोशाला असतील आणि तिथे साधा पानाच लावावा लागला तर तो नऊ इंची. विकणाऱ्याच्या तोंडावर विश्वास ठेवू नका. आणि टेप बरोबर न्या. १९६५-६६ च्या मस्टँगचा ॲक्सल एका फ्लँजपासून (चाक बसतं ती चकती) दुसऱ्या फ्लँजपर्यंत ५७¼ इंच, १९६७ ते ७० चा ५९¼, १९७१ ते ७३ चा ६१¼. दोन इंचांची चूक म्हणजे टायर मडगार्डला घासणार.

शाफ्ट घेताना स्प्लाइन मोजा. ३१ स्प्लाइनचा शाफ्ट २८ च्या साइड गिअरमध्ये (शाफ्टचं टोक बसतं तो डिफरन्शियलमधला गिअर) जात नाही, तरी दरवर्षी कुणीतरी तो घेऊन येतोच.

पर्च एका दमात वेल्ड करणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण ती माझ्या डोळ्यांदेखत घडली आणि मी गप्प राहिलो.

कोल्हापूरचा एक तरुण, १९६७ ची मस्टँग, २८९ इंजिन काढून ३५१ विंडसर इंजिन बसवलेलं. भंगारातून नऊ इंचीचं रुंद हाउसिंग, म्हणजे ॲक्सलचं बाहेरचं कवच, आणून त्यानं ते कापून आखूड करून घेतलं होतं. स्प्रिंगच्या पाट्यांसाठीच्या बैठका, म्हणजे पर्च, तेवढ्या वेल्ड करायच्या राहिल्या होत्या. त्याच्या ओळखीचा वेल्डर आला. हात अतिशय सफाईदार. एका पर्चवर या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यानं एकच सुंदर, अखंड रेघ ओढली, मग लगेच दुसऱ्यावर. मला वाटलं, थांब म्हणावं, थोडं गार होऊ दे. त्या पोरानं विचारलं, "दादा, किती वेळ लागतो त्याला? दोन पर्च तर आहेत." पाहुण्या कारागिराला टोकायचं कसं, या भिडेपोटी मी काहीच बोललो नाही.

संध्याकाळी शाफ्ट आत घालताना पहिला इशारा मिळाला. सरळ हाउसिंगमध्ये शाफ्ट हातानं आत जातो. स्प्लाइन जुळवायला थोडा फिरवावा लागतो, मग शेवटचे दोन इंच बोटांच्या दाबानं सरकतात. इथे डावीकडचा शाफ्ट टोकाला येऊन अडला. त्यानं रबरी हातोडी घेतली आणि ठोकून बसवला. मी तेव्हाही बोललो नाही.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. डावा ब्रेक धरत नव्हता. ड्रम उघडला तर लायनिंग गिअर ऑइलनं चिंब भिजलेलं, सीलची एका बाजूची कड झिजलेली आणि टायरची बाहेरची कडही खाल्लेली. मशीन शॉपमध्ये हाउसिंगमधून सरळ दांडा घालून पाहिलं तेव्हा सगळं लख्ख दिसलं: नळीची दोन्ही टोकं खाली झुकली होती. मस्टँगमध्ये पर्च नळीच्या तळाला असतात. वेल्ड गार होताना आकसतं, तळाची बाजू आखूड होते आणि नळी वाकते. सील, बेअरिंग, लायनिंग, टायर सगळं गेलं, आणि हाउसिंग वरच्या बाजूनं तापवून सरळ करून घ्यावं लागलं ते वेगळंच.

माझी पद्धत आता ठरलेली आहे. आधी वेल्डचे नुसते छोटे टाके. जुना, निकामी डिफरन्शियल केस हाउसिंगमध्ये नटांनी घट्ट आवळून ठेवायचा, म्हणजे मधला भाग हलत नाही. मग इंचभर वेल्ड डावीकडे, इंचभर उजवीकडे, आणि नळीवर तळहात टेकवता येईल इतकी गार होईपर्यंत पुढचा टाका नाही. पाणी ओतायचं नाही, ओलं फडकंही लावायचं नाही. पूर्ण दुपार जाते, जाऊ द्या. शेवटी शाफ्ट हातानं सरकवून बघायचा. हातोडीची आठवण झाली तरी काम थांबवायचं.

पर्चचा कोनही टाके मारायच्या टप्प्यावरच ठरतो, आणि तो गाडीचं वजन पाट्यांवर असताना. चाकं लोंबकळत असताना मोजलेला कोन काही कामाचा नाही. पाट्यांच्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की पाटे पिळतात आणि पिनियनचं नाक वर उचललं जातं. म्हणून मी ते उभ्या गाडीत दोनेक अंश खाली ठेवतो.

पिनियनचा नट इम्पॅक्ट गननं आवळणं

माझ्या गॅरेजमध्ये पिनियनच्या नटाला आवळताना इम्पॅक्ट गन लागत नाही. काढताना खुशाल लावा.

पिनियनच्या दोन बेअरिंगमध्ये एक पातळ पोलादी नळी असते, क्रश स्लीव्ह. नट आवळला की ती चुरडते आणि बेअरिंगवर नेमका दाब बसतो. ती एकदा दबली की परत फुगत नाही. जास्त आवळलं आणि मग नट थोडा सैल केला, तर दाब बरोबर दिसतो खरा, पण नट कशालाच धरून नसतो. दोनशे मैलांवर तो ढिला होतो आणि पिनियन दातांसकट पुढे-मागे हलायला लागतो. जास्त आवळलं गेलं तर नवी स्लीव्ह घाला. काही डॉलरची गोष्ट आहे, म्हणून मी दोन जास्तीच्या आणूनच कामाला बसतो.

पिनियनच्या फ्लँजला लांब पट्टी बोल्ट करून ती जमिनीला टेकवायची आणि पान्याला तीन फुटी पाइप लावायचा. सुरुवातीला नट दगडासारखा वाटतो. मग अचानक मऊ होतो, स्लीव्ह दबायला लागलेली असते. तिथून पुढे अगदी किंचित किंचित फिरवायचं आणि दर वेळी इंच-पाउंडांच्या पान्यानं पिनियन फिरवून बघायचा. नव्या बेअरिंगला फिरतानाचा रेटा साधारण वीस इंच-पाउंडांच्या आसपास लागतो, आधी चाललेल्या बेअरिंगला जवळपास निम्मा. तुमच्या ॲक्सलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. शेवटच्या पाव फेऱ्यात दाब झपकन वाढतो, आणि घाई करणारे तिथेच फसतात.

पिनियन क्राऊनच्या किती जवळ बसतो ते बदलताना शिमचा, म्हणजे पातळ चकतीचा, गोंधळ होतो. नऊ इंचीमध्ये शिम पिनियन सपोर्ट आणि केसच्या मध्ये असतो, म्हणून जाड शिम पिनियनला क्राऊनपासून लांब नेतो. जनरल मोटर्सच्या १२-बोल्ट ॲक्सलमध्ये तो पिनियनच्या डोक्यामागे, बेअरिंगखाली असतो, तिथे जाड शिम पिनियनला जवळ आणतो. एका ॲक्सलवर शिकलेलं दुसऱ्यावर चालवलं की दिवस वाया. पिवळा रंग लावून दातांवरचा ठसा बघा आणि तो दाताच्या मध्याजवळ येईपर्यंत जितक्या वेळा उघडावं लागेल तितक्या वेळा उघडा. चौथ्यांदा उघडायचा कंटाळा आला, तर दिवा बंद करून जेवायला जा. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायल गेजनंच मोजा. नऊ इंचीला मी आठ ते बारा थाऊमध्ये (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ठेवतो. हातानं हलवून "ठीक वाटतंय" म्हणणारे कान देऊन घरघर ऐकत बसतात.

बाकीचं भराभर सांगतो. डिफरन्शियलमधले स्पायडर गिअर वेल्ड करून "लॉकर" बनवणं रस्त्यावरच्या गाडीत मला अजिबात मान्य नाही. वळणावर दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात, टायर घासतो, शाफ्ट पिळतो आणि ओल्या रस्त्यावर मागचा भाग कधी निसटेल सांगता येत नाही. चांगला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल घ्या, आणि तो क्लचचा असेल तर तेलात फ्रिक्शन मॉडिफायर घाला, नाहीतर वळताना खडखडेल. शेव्हरलेटच्या १० आणि १२-बोल्टमध्ये शाफ्ट आत सी-क्लिपनं धरलेला असतो. शाफ्ट तुटला तर तो चाकासकट बाहेर येऊ शकतो, म्हणून स्ट्रिपवर जाणाऱ्यांनी तिथे पैसे वाचवू नयेत. क्रायस्लरच्या पावणेनऊ इंचीमध्ये शाफ्टचा प्ले, म्हणजे आत-बाहेरची ढिलाई, उजवीकडच्या ॲडजस्टरनं लावायचा असतो, हे नवे लोक विसरतात. ॲक्सल बदलला की प्रोपेलर शाफ्टची लांबी आणि जॉइंटचा नंबर पुन्हा मोजा. हाउसिंगचा ब्रीदर, म्हणजे हवा जायची वाट, साफ करा. तो बुजला की आतला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो आणि लोक सील बदलत बसतात.

रेशो घेतानाही उतावीळपणा नको. सव्वीस इंची टायर, ताशी ७० मैल, टॉप गिअर थेट: ३.०० ला इंजिन मिनिटाला साधारण २,७०० फेरे घेतं, ४.११ ला ३,७००. शिकागोपर्यंत पाच तास तो आवाज ऐकायचाय का, हे आधी ठरवा. ओव्हरड्राइव्ह नसलेल्या गाडीत मी ३.५० च्या वर जात नाही.

नवे क्राऊन-पिनियन पहिल्याच दिवशी दामटवले तर सगळं सेटिंग वाया जातं. वीस मिनिटं सौम्य गतीनं चालवा, मग पूर्ण गार होऊ द्या. असं तीन-चार वेळा. पहिले ५०० मैल क्लच झटक्यात सोडायचा नाही आणि ओझं ओढायचं नाही. ५०० मैलांनी यू-बोल्ट पुन्हा आवळा आणि तेल बदला. जुनं तेल स्वच्छ पांढऱ्या डब्यात काढा आणि उन्हात धरून बघा. राखाडी, चंदेरी झाक असेल तर दात एकमेकांत बसलेत. नखाला टोचेल असा एकही चकचकीत तुकडा सापडला, तर नवं तेल ओतायच्या आधी डिफरन्शियल बाहेर काढा.